जिंकलेल्या डावातली जीवदानं

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगी सहावीत आहे, दोन वर्षांपासून बुद्धिबळ शिकतेय, रविवारच्या स्पर्धा खेळते. हरली की घरी आल्यावर तो डाव संगणकावर लावून कुठं चुकलं ते शोधतो. जिंकली की काही बघत नाही. आता तिचे सर म्हणतात, जिंकलेले डावही तेवढ्याच बारकाईनं बघा. तिला ते अजिबात आवडत नाही. जिंकल्याचा आनंदसुद्धा घ्यायचा नाही का? आणि बघायचं तर नेमकं काय बघायचं?

उत्तर :

ताई, सरांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमच्या मुलीची कुरकुरही रास्त आहे. आनंद घ्यायचा आणि डावही बघायचा, फक्त दोन्ही एकाच संध्याकाळी नको. कसं करायचं ते पुढं सांगतेच. आधी का करायचं ते सांगते, कारण ते घरात सगळ्यांना पटलं नाही तर दोन आठवड्यांत हे बंद पडेल.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा डाव सांगते. (पटावरच्या घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी आणि आकडा म्हणजे आडवी ओळ.) तिच्याकडे पांढरे मोहरे होते. वजीर दोघांचेही गेलेले, दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक घोडा. तिचा राजा किल्लेकोट करून जी१ वर बसलेला आणि त्याच्या पुढची एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती. राजाच्या पट्टीवर, म्हणजे तिच्या बाजूच्या शेवटच्या आडव्या ओळीवर, राखणीला एकच हत्ती, बी१ वर. घोडा लांब, इ५ वर. समोरच्याचं बी७ वरचं प्यादं मोकळं पडलं होतं. तिनं हत्तीनं ते उचललं, शिवाय आता ए७ वरच्या प्याद्यावरही नजर. काळ्याचा हत्ती डी८ वर होता आणि डी पट्टी वरपासून खालपर्यंत रिकामी होती. तो हत्ती डी१ वर आला असता तर तिथंच मात, कारण राजाची वाट त्याच्याच प्याद्यांनी अडवलेली! समोरच्या मुलाला मात्र ए७ च्या प्याद्याची काळजी लागली. त्यानं हत्ती ए८ वर नेला आणि पुढं हळूहळू डाव हरला.

घरी आल्यावर या मुलीनं आईबाबांना काय सांगितलं असेल? ‘मी बी७ चं प्यादं घेतलं ना, तिथं डाव फिरला.’ चाली लिहायच्या स्कोअरशीटवर त्या चालीपुढं तिनं उत्तम चालीचं उद्गारचिन्हही काढलं होतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. हरलेल्या डावातली चूक निदान चूक म्हणून लक्षात राहते. जिंकलेल्या डावातली चूक पराक्रम म्हणून लक्षात राहते, आणि पराक्रम माणूस पुन्हा करायला जातो. पुढच्या वेळी प्यादं मोकळं दिसलं की या मुलीचा हात आपोआप हत्तीकडं जाणार.

क्रिकेटमध्ये याला आपल्याकडं फार नेमका शब्द आहे, जीवदान. मैदानावर एखाद्या पोरानं शतक ठोकलं आणि त्यात वीसवर एक आणि साठवर एक झेल सुटलेला असला, तर वहीत शंभरच लिहिले जातात. सुटलेले झेल धावफलकावर नसतात. पण नेटमागे उभे असलेले त्याचे सर सोमवारी त्याला शंभर धावांबद्दल विचारत नाहीत, ते दोन फटके पुन्हा खेळून दाखवायला सांगतात. बुद्धिबळात हे जीवदान क्रिकेटपेक्षाही जास्त लपतं. मैदानात झेल सुटल्याचं शंभर लोक बघतात. पटावर जीवदान देणाऱ्याला आपण दिल्याचं कळत नाही आणि घेणाऱ्याला मिळाल्याचं कळत नाही.

हे फक्त लहान मुलांचं नाही. १५ नोव्हेंबर २०१४ ला सोची इथं मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांच्यात जगज्जेतेपदाचा सहावा डाव झाला. गुण अडीच-अडीच असे बरोबरीत होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी कार्लसनची स्थिती चांगली होती आणि २६व्या चालीला त्यानं राजा डी२ वर आणला. ती घोडचूक होती. आनंदनं घोड्यानं इ५ वरचं प्यादं मारलं असतं तर पुढं शह देत देत दोन प्यादी जास्तीची मिळून डाव त्याच्या बाजूला झुकला असता. कार्लसनला चाल खेळल्या खेळल्या चूक दिसली होती. आनंदला दिसली नाही, त्यानं ए४ वर प्यादं सरकवलं. कार्लसन तो डाव जिंकला आणि शेवटी सामनाही साडेसहा विरुद्ध साडेचार असा जिंकला. समोरून अशी भेट येईल याची अपेक्षाच नव्हती, असं आनंदनं नंतर सांगितलं. निकालाच्या तक्त्यात त्या दिवशी कार्लसनच्या नावापुढं ‘१’ आहे. त्या तक्त्यावरून डी२ ची चाल कुणाला शोधता येईल?

आता तुमच्या मुलीच्या रविवारच्या स्पर्धेकडं या. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात, म्हणजे पुढच्या फेरीत शक्यतो तुमच्याइतकेच गुण असलेला खेळाडू समोर येतो. जिंकत गेलं की समोरचा तगडा होत जातो. सकाळी तीन डाव जिंकलेली मुलं दुपारी चौथी-पाचवी फेरी हरतात आणि बाहेर जिन्यावर डबे घेऊन बसलेले पालक म्हणतात, ‘दमली बिचारी.’ कधी कधी खरंच दमलेली असते. पण ते सगळे डाव एकापुढं एक लावून बघा. चौथ्या फेरीत ज्या चुकीनं हरली, तीच चूक पुष्कळदा पहिल्या फेरीतही केलेली असते. फरक एवढाच, की पहिल्या फेरीतल्या मुलाला ती दिसली नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, खेळाडूची ताकद मोजणाऱ्या रेटिंग पद्धतीत दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असला तर वरच्या खेळाडूकडून १०० डावांत साधारण ७६ गुणांची अपेक्षा धरतात. म्हणजे थोड्या कच्च्या मुलांशी खेळताना आपल्या सगळ्या खोडी घेऊनही मूल चारातले तीन डाव जिंकू शकतं. फक्त हरलेला चौथा डाव बघत बसलो, तर तीन चतुर्थांश पुरावा आपण न वाचताच फेकून दिला.

आपण आपले जिंकलेले डाव नाही बघितले तरी दुसरा कुणीतरी बघतो, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. १९२७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्पर्धेत जगज्जेता कापाब्लांका एकही डाव न हरता पहिला आला आणि आलेखाइन दुसरा. त्याच वर्षी दोघांचा जगज्जेतेपदाचा सामना ठरला होता. आलेखाइननं तोवर कापाब्लांकाला एकदाही हरवलं नव्हतं. पण त्यानं न्यूयॉर्कचे डाव बारकाईनं अभ्यासले आणि न हरलेल्या माणसाच्या खेळात कच्चे दुवे शोधले. ब्युनॉस आयर्सला त्या सामन्याचे ३४ डाव चालले. आलेखाइननं सहा जिंकले, कापाब्लांकानं तीन, बाकी २५ बरोबरीत सुटले आणि कापाब्लांकाचं जगज्जेतेपद गेलं. आज तर मोठ्या स्पर्धांचे डाव त्याच रात्री सगळ्यांसाठी उपलब्ध असतात.

आणि अगदी आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर नागपूरच्या दिव्या देशमुखचं सांगा. २०२५ च्या महिला विश्वचषकात, बातुमीला, उपांत्य फेरीत तिनं माजी जगज्जेती तान झोंगयीला १०१ चालींच्या डावात हरवलं. एवढ्या मोठ्या विजयानंतर तिनं काय सांगितलं, तर याहून बरंच चांगलं खेळता आलं असतं, जिंकत आलेला डाव मधेच गुंतागुंतीचा होऊन बसला. नंतर अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टाय-ब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांत, हरवून तिनं विश्वचषक जिंकला. आपल्या मुलींनी तिच्या हातातल्या चषकाचा फोटो भिंतीवर लावावाच, पण ते बोलणंही ऐकावं.

आता नेमकं काय करायचं.

त्या संध्याकाळी काहीही नाही. रविवारी मेगाब्लॉक, दादरहून डोंबिवलीला पोचेपर्यंत आठ-नऊ वाजणार, पोरगी गाडीत डुलक्या घेणार. जिंकली असेल तर तिला आवडेल ते खाऊ घाला, आजीला फोन करून सांगू दे, चषक असेल तर तो टीव्हीशेजारी ठेवा. हरली असेल तरीही त्या रात्री डाव नको. पराभवानंतर रात्री दहाला संगणक उघडून ‘बघ, इथं चुकलीस’ म्हणणं मला बिलकूल मान्य नाही. त्यातून मूल बुद्धिबळ शिकत नाही, संगणकाला घाबरायला शिकतं. सोमवारी किंवा मंगळवारी शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास पुरतो.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी हवी, डाव कागदावर. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेच्या डावांच्या, स्पर्धेत चाली लिहिणं सक्तीचंच असतं. तिथं स्कोअरशीटवर घड्याळातली उरलेली मिनिटं लिहायलाही नियमानं परवानगी आहे. दर पाच चालींनी चालीच्या बाजूला ती लिहायची सवय लावा. एक दिवसाच्या रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांच्या, स्पर्धांत चाली लिहिण्याची सक्ती नसते, त्यामुळं बहुतेक मुलं लिहीतच नाहीत आणि घरी आल्यावर फक्त निकाल उरतो. अशा वेळी परतीच्या गाडीत, झोप लागायच्या आत, आठवेल तेवढा डाव तिला वहीत लिहू दे. सुरुवातीला बारा-पंधरा चालींपुढं जाणार नाही. रागावू नका, महिन्या-दोन महिन्यांत पुढं सरकतं.

सगळे डाव बघायचे नाहीत. एका स्पर्धेतला एक जिंकलेला आणि एक हरलेला पुरे. जिंकलेल्यांतला कुठला, ते तिलाच विचारा : ‘कुठल्या डावात तुला भीती वाटली?’ तोच घ्या. पंधरा चालींत समोरच्याचा वजीर फुकट मिळाला तो डाव सोडून द्या, त्यात बघण्यासारखं फारसं नसतं.

पहिल्यांदा इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम, बंद आणि खरा लाकडी पट समोर. तुम्हाला खेळ येत नसला तरी चालेल, उलट बरंच. तिनं चाली लावत जायचं आणि तुम्ही फक्त विचारायचं, इथं काय वाटत होतं, समोरचा काय करेल असं वाटलं, इथं एवढी दहा मिनिटं का गेली. शेवटचा प्रश्न त्या लिहिलेल्या मिनिटांमुळं विचारता येतो आणि तो फार कामाचा आहे. जिंकलेल्या डावातही एका साध्या चालीवर पंधरा मिनिटं घालवलेली दिसतात आणि पुढच्या वीस चाली घाईत. त्या दिवशी निभावलं, एवढंच.

मग डाव जिथं तिच्या बाजूला झुकला असं तिला वाटतं, तिथं थांबा आणि पट फिरवा. आता तिनं समोरच्याच्या बाजूनं खेळायचं आणि तो डाव वाचवून दाखवायचा. हा मला सगळ्यात आवडणारा व्यायाम आहे. वर सांगितलेल्या मुलीला मी बी७ ची चाल झाल्यावर पट फिरवून काळ्या मोहऱ्यांमागे बसवलं. ‘आता तू काळी. काय खेळशील?’ ती म्हणाली, ‘ए७ वाचवीन.’ ‘दुसरं काही?’ तिनं उगीच घोड्याला हात लावला, सोडला. मग डी पट्टीवरून तिची नजर खाली उतरताना मला दिसली. डी१ पाशी आली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मला एक शब्द बोलावा लागला नाही. त्यानंतर तिनं स्वतःहून विचारलं, मग प्यादं घ्यायच्या आधी काय करायला हवं होतं? एच प्यादं एक घर पुढं, राजाला श्वास घ्यायला जागा, एवढंच. हे मी फळ्यावर आधी कितीदा तरी शिकवलं होतं. पण स्वतःच्या जिंकलेल्या डावात स्वतःलाच मात देता येते हे दिसल्यावर जे कळलं ते फळ्यावरून कळलं नव्हतं.

हे जिंकलेल्या डावातच का जमतं, हेही बघा. हरलेल्या डावात हीच मात दाखवली असती तर ती रडली असती आणि रडणाऱ्या मुलाला डी१ चं घर दिसत नाही. इथं तिचा गुण तिच्याकडंच आहे, तो कुणी काढून घेत नाही. मन शांत असताना आपली चूक बघता येते, आणि लहान वयात अशी संधी जिंकलेला डावच देतो. म्हणून मी तर म्हणेन, नव्या मुलांची सुरुवात जिंकलेल्या डावापासूनच करा आणि हरलेले नंतर घ्या.

मग इंजिन उघडा, लिचेस ही साइट म्हणा किंवा दुसरं काही. त्याचे आकडे वाचताना एक सांभाळा. तिच्याकडं पांढरे मोहरे असले तर ‘अधिक’ म्हणजे ती वरचढ, ‘उणे’ म्हणजे समोरचा. ‘अधिक ९’ चं ‘अधिक ५’ झालं तर इंजिन त्यालाही चूक म्हणेल, पण सहावीतल्या मुलीसाठी ती चूक नाही, दोन्हीकडं डाव जिंकलेलाच आहे. आकडा अधिकचा उणे होतो ती जागा बघा, आणि इंजिननं दाखवलेली चाल तिला समजते का ते बघा. समजत नसेल तर सोडून द्या, ती चाल सरांसाठी आहे. साइटवर शेवटी जी ‘अचूकता इतके टक्के’ येते तिच्याकडं लक्ष देऊ नका. समोरचा चुकत गेला की योग्य चाली सोप्या होतात आणि टक्के आपोआप चढतात. ९० टक्के आले म्हणून डाव न बघता बंद करणारे पालक मी बरेच बघते, आणि त्या ९० टक्क्यांतच एक डी१ दडलेलं असतं.

हरलेल्या डावाबद्दलही थोडं, कारण तुम्ही तिथं चूक शोधता म्हणालात. सहसा सापडते ती शेवटची चूक. ४०व्या चालीला घोडा फुकट गेला, म्हणून हरली. पण ४०व्या चालीला तिच्याकडं दीड मिनिट उरलं होतं आणि ते का उरलं त्याचं उत्तर १२व्या चालीशी आहे. दुसरं, हरलं की मुलं आणि पालक मिळून ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींना, दोष देतात. सिसिलियन नावाची सुरुवात खेळून हरली, आता सिसिलियन नको. डाव उघडून बघावं तर २०व्या चालीपर्यंत तिचं सगळं उत्तम असतं. अशानं चांगल्या सवयी सुटतात, जशा जिंकल्यामुळं वाईट टिकतात. म्हणून हरलेल्या डावात तिनं चांगलं खेळलेल्या दोन चालीही शोधायला लावा आणि त्यांच्यापुढं तिच्या हातानं खूण करू द्या. हे तिला बरं वाटावं म्हणून नाही, त्या चाली खरोखर चांगल्या असतात आणि पराभवात त्या वाहून जाऊ नयेत म्हणून.

या सगळ्यासाठी एक दोनशे पानी वही करा. दर चुकीसाठी एक ओळ, तिच्याच शब्दांत : ‘राजाच्या पट्टीवर कुणी नव्हतं’, ‘समोरच्याचा उंट बघितलाच नाही’, ‘जिंकतेय म्हणून पटपट खेळले’. पुढं दोन रकाने, समोरच्यानं पकडली आणि समोरच्यानं सोडली. निकाल लिहायचाच नाही. जगज्जेता बॉटविनिक खेळाडूंना आपल्या डावांचं विश्लेषण छापून आणायला सांगायचा, म्हणजे आपण स्वतःला सूट दिली असेल तर वाचणारे ती पकडतात. मुलांच्या बाबतीत ते वाचणारे म्हणजे तिचे सर. पाच-सहा स्पर्धांनंतर वही चाळलीत तर एकच ओळ दोन्ही रकान्यांत पुन्हा पुन्हा आलेली दिसेल, आणि ती बहुधा तुम्ही आजवर पराभवांवरून काढलेल्या निष्कर्षापेक्षा वेगळी असेल.

क्लासमध्ये वीस मुलं असतात, सरांना प्रत्येकाचा प्रत्येक डाव बघणं शक्य नसतं. त्यांना महिन्यातून एकदा ही वही द्या आणि जास्त वेळा आलेल्या ओळीवर खूण करून द्या. ‘राजाच्या पट्टीवर कुणी नव्हतं’ असेल तर ते त्या प्रकारे मात देण्याची कोडी देतील. ‘पटपट खेळले’ असेल तर कोड्यांचा उपयोग नाही, मग ते तिला एक हत्ती जास्त असलेली स्थिती लावून देतील आणि घड्याळ लावून ती जिंकून दाखवायला सांगतील.